आजेपाडवा : लेकीच्या घरी आजोबांचे पान

मराठी पंचांगात भाद्रपद वद्य पक्ष पितरांचा आणि त्यामागून येणारा आश्विन शुद्ध पक्ष देवीचा मानला जातो. या दोहोंच्या सांध्यावर, सर्वपित्री अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी, आश्विन शुद्ध प्रतिपदा येते, आणि ज्या घरांत त्या दिवशी नवरात्राचे घट बसतात त्यांतल्याच काही घरांत आईच्या दिवंगत वडिलांचे श्राद्धही होते. या श्राद्धाला आजेपाडवा म्हणतात. आईच्या वडिलांना धर्मशास्त्रात मातामह आणि मुलीच्या मुलाला दौहित्र ही संज्ञा असल्याने त्याला मातामहश्राद्ध किंवा दौहित्र प्रतिपदा असेही म्हटले जाते. पितृपक्षात पूर्वज वंशजांच्या दारी येतात अशी लोकांची श्रद्धा आहे, आणि त्या श्रद्धेच्या चौकटीत पाहिले तर आजेपाडवा ही एका आजोबांनी लेकीच्या घराला वर्षातून एकदा दिलेली भेट ठरते, जिच्यात त्यांच्या नसण्याचे दुःख आणि देवीच्या आगमनाचा आनंद एकाच छपराखाली, एकाच दिवशी सांभाळावा लागतो.

धाराशिव जिल्ह्यातील भूम तालुक्यासारख्या प्रदेशात या दिवसाला विशेष वजन येते. बालाघाटाच्या डोंगररांगांतला हा भाग तुळजाभवानीच्या प्रभावक्षेत्रात मोडतो आणि येथील असंख्य कुटुंबांची ती कुलस्वामिनी आहे. तुळजापूरच्या मंदिरात भाद्रपद वद्य अष्टमीला देवीची मूर्ती सिंहासनावरून पलंगावर निजवली जाते, तिला मंचकी निद्रा म्हणतात, आणि प्रतिपदेला पहाटे मूर्ती पुन्हा सिंहासनावर बसल्यानंतर त्याच दिवशी घटस्थापना होते. पितरांच्या पंधरवड्याचा उत्तरार्ध देवी निद्रेत घालवते आणि तो सरल्यावर जागी होते, असा हा क्रम आहे. या जागे होण्याच्या दिवशीच मातामहाला जेवू घालण्याची रीत असल्यामुळे शोकाचा पक्ष संपून उत्सवाचा पक्ष सुरू होताना मधली पायरी आजोबांच्या वाट्याला आली आहे.

लेकीच्या घरचे अन्नपाणी

आजेपाडव्याचे मर्म समजण्यासाठी वडील आणि विवाहित मुलगी यांच्यातील एक जुना निर्बंध ध्यानात घ्यावा लागतो. कन्यादान हे दान असल्याने दिलेल्या दानाचा उपभोग दात्याने पुन्हा घेऊ नये, असा विचार मध्ययुगीन निबंधग्रंथांत आढळतो. धर्मविषयक वचने विषयवार एकत्र करून त्यांचा निर्णय सांगणाऱ्या ग्रंथांना निबंधग्रंथ म्हणतात. या विचाराला धरून मुलीला अपत्य होईपर्यंत वडिलांनी तिच्या घरी जेवू नये असा नियम सांगितला गेला, आणि महाराष्ट्रातील मागील पिढ्यांत अनेक घरांनी तो कसोशीने पाळला. लेकीच्या गावी गेलेला बाप तिच्या दारात बसून बोलत असे, जावयाची विचारपूस करत असे, परंतु पाण्याचा तांब्या पुढे आला की तो नुसता हात लावून बाजूला ठेवत असे.

हा निर्बंध नातवंडाच्या जन्माने सुटतो. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची प्रथा असल्यामुळे बहुतेक वेळा नातवंड आजोबांच्याच घरात जन्मते. पुढे अंगडे, टोपडे, कुंची, वाळे, बिंदल्या असा बाळंतविडा, म्हणजे बाळ-बाळंतिणीसाठी माहेरने करावयाचा आहेर, घेऊन आजी-आजोबा लेकीच्या सासरी जातात, तेव्हा आजोबांसाठी पहिल्यांदा रीतसर पान वाढले जाते. लेकीच्या घरात जेवण्याचा हक्क त्यांना त्या तान्ह्या जिवामुळे मिळालेला असतो. आजेपाडव्याला हेच नाते उलट बाजूने पूर्ण होते, कारण ज्याच्या जन्माने आजोबांना लेकीच्या घरचा पहिला घास घेता आला, तोच त्यांच्या मृत्यूनंतर त्याच घरात त्यांच्या नावाने घास काढतो.

नातवाचा अधिकार

सामान्य नियम असा आहे की ज्याचे वडील हयात आहेत त्याने श्राद्ध करू नये, कारण घरातील पितृकर्माचा अधिकार वडिलांकडे असतो. आजेपाडवा हा या नियमाचा ठळक अपवाद होय. पंढरपूरचे काशीनाथशास्त्री उपाध्याय यांनी 1790च्या सुमारास लिहिलेला ‘धर्मसिंधु’ हा महाराष्ट्रातील घरगुती धर्मकृत्यांचा सर्वांत प्रचलित आधारग्रंथ आहे, आणि त्यानुसार वडील जिवंत असलेल्या, इतकेच नव्हे तर मुंज न झालेल्या नातवानेही हे श्राद्ध करावे; मामा हयात असला तरी नातवाचा अधिकार कमी होत नाही. तीन वर्षे पूर्ण झालेल्या मुलाकडून ते करवून घेण्याची परंपरा आहे. त्यामुळे घरातील सर्वांत लहान व्यक्ती त्या दिवशी यजमान असते, आणि तिच्या हाताखाली हात धरून तिळाचे पाणी सोडवणारी मोठी माणसे केवळ साहाय्यक असतात.

दौहित्राला हे स्थान एकाएकी मिळालेले नाही. श्राद्धात पवित्र मानलेल्या तीन गोष्टींत मनुस्मृती दौहित्र, कुतप आणि तीळ यांची गणना करते. दिवसाचे पंधरा समान भाग केले असता आठवा भाग, साधारणपणे ऐन दुपारची अठ्ठेचाळीस मिनिटे, त्याला कुतप म्हणतात. वारसाहक्काच्या क्षेत्रातही हाच धागा दिसतो. कल्याणीच्या चालुक्य सम्राट सहाव्या विक्रमादित्याच्या काळात (1076 ते 1126) विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली, आणि ती कल्याणी म्हणजे धाराशिव जिल्ह्याच्या पूर्व सीमेपलीकडील आजचे बसवकल्याण होय. मिताक्षरेत पुत्रहीन पुरुषाची संपत्ती पत्नीनंतर मुलीकडे आणि मुलीनंतर दौहित्राकडे जाते. मृताच्या आईवडिलांचा क्रम त्याच्याही नंतर लागतो. सपिंड या संज्ञेचा अर्थही विज्ञानेश्वराने पिंडदानावरून न लावता एका देहाचे अंश ज्यांच्यात उतरले आहेत ते, असा लावला, आणि त्या अर्थाने नात्याचा विचार केला तर आईच्या बाजूचे आजोबा परके उरतच नाहीत.

मराठवाड्यातील विवाहपद्धतीने ही जवळीक आणखी वाढवली. इरावती कर्वे यांनी 1953मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आप्तसंबंधांवरील ग्रंथात महाराष्ट्र हा उत्तर व दक्षिण भारतीय नातेव्यवस्थांच्या मिलनाचा प्रदेश असल्याचे आणि येथे मामाच्या मुलीशी विवाह मान्य असल्याचे दाखवून दिले आहे. जेथे असा विवाह होतो तेथे आईचे वडील हे पत्नीचेही आजोबा असतात, आणि त्यांच्या जाण्याने एकाच घरातील दोन पिढ्यांच्या स्त्रियांचे माहेर एकदम उणे होते.

सोयर आणि सुतक

आनंद आणि शोक एकाच वेळी घरात आले तर कोणाला आधी जागा द्यावी, या प्रश्नाचा धर्मशास्त्राने अत्यंत बारकाईने विचार केला आहे. जन्मामुळे येणाऱ्या अशुचितेला जननाशौच आणि मृत्यूमुळे येणाऱ्या अशुचितेला मृताशौच म्हणतात; व्यवहारात पहिल्याला सोयर किंवा वृद्धी आणि दुसऱ्याला सुतक हे शब्द रूढ आहेत. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्रेतिहासाच्या 1953मध्ये निघालेल्या चौथ्या खंडात या विषयाची सविस्तर मांडणी केली आहे. निकटच्या सपिंडांना ही मुदत दहा दिवसांची असते, तर आईच्या वडिलांच्या मृत्यूचे सुतक नातवाला तीन रात्रींचे आणि विवाहित मुलीलाही तीन रात्रींचे सांगितले आहे.

सुतक चालू असताना घरात मूल जन्मले तर जन्माचे आशौच मृत्यूच्या आशौचाबरोबर संपते. जन्माचे आशौच चालू असताना मृत्यू झाला तर मात्र सुतक आपली मुदत पूर्ण करते. येथवर शोकाचे पारडे जड दिसते. परंतु याच शास्त्रकारांनी असेही सांगितले की सुतकात पुत्रजन्म झाल्यास जन्मविधीपुरती पित्याला तात्कालिक शुद्धी असते, म्हणजे नवजात जिवाचे स्वागत मृत्यूसाठी अडून राहत नाही. विवाहाच्या बाबतीत आणखी मोकळीक आहे, कारण नांदीश्राद्ध एकदा झाले की त्यानंतर आलेले सुतक त्या विवाहाला बाध आणत नाही. नांदीश्राद्ध म्हणजे मंगलकार्याच्या आरंभी पूर्वजांना बोलावण्याचा विधी. त्यात तिळांऐवजी जव आणि दर्भाऐवजी दूर्वा वापरतात, आणि जानवे उजव्या खांद्यावर न घेता नेहमीप्रमाणे डाव्याच खांद्यावर असते. पितरांनी शोकमूर्ती म्हणून न येता प्रसन्न मुखाने पंगतीला यावे अशी त्यामागची कल्पना आहे. लग्नाच्या आनंदाचा पहिला मान मृतांना देऊनच जिवंत माणसे मांडवात पाऊल ठेवतात.

या तरतुदींमागे माणसाच्या मनाची खोल जाण आहे. ज्या घरात अलीकडेच मृत्यू झाला आहे तेथे हसणे हा अपराध वाटतो आणि लहान मुलांसमोर सतत रडत राहणे अशक्य होते. कोणत्या दिवशी रडावे, कोणत्या दिवशी गोड करावे आणि तोंड गोड करायला कोणी यावे हे ठरलेले असले की त्या अपराधाच्या भावनेतून सुटण्याचा मार्ग मिळतो. म्हणूनच तेराव्या-चौदाव्या दिवशी गोडजेवण असते, आणि म्हणूनच दुःख झालेल्या घरी माहेरची मंडळी साडीचोळी आणि टोपी-टॉवेल घेऊन दुखवटा काढायला जातात. वडिलधाऱ्या माणसाने हाताने भरवलेला गोड घास नाकारता येत नाही, आणि तो घेतल्याबद्दल कोणी नावेही ठेवत नाही.

एका दिवसाचे दोन भाग

प्रतिपदेच्या सकाळी शेतातील काळी माती आणून ती पत्रावळीवर किंवा टोपलीत पसरतात, तिच्यात गहू, ज्वारी आणि इतर धान्ये पेरतात, मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट ठेवून त्यावर विड्याची पाने आणि नारळ ठेवतात, आणि वर पहिली माळ बांधतात. देव्हाऱ्यातील टाक, म्हणजे धातूच्या पत्र्यावर उठवलेल्या देवतांच्या छोट्या प्रतिमा, विड्याच्या पानांवर मांडले जातात आणि नऊ दिवस जागचे हलवत नाहीत; यालाच देव घटी बसणे म्हणतात. अनेक कुटुंबांत या टाकांमध्ये पूर्वजांचेही टाक असतात, त्यामुळे नवरात्र बसते तेव्हा देवांच्या शेजारी घरातील गेलेली माणसेही बसलेली असतात.

श्राद्धाचा काळ त्यानंतरचा, कुतपापासून पुढचा असतो. सकाळी ज्या हातांनी माळ बांधली तेच हात दुपारी तिळाचे पाणी सोडतात. सकाळी पूर्वेकडे असलेले तोंड आता दक्षिणेकडे होते. ज्या घरांत मंत्रोक्त श्राद्ध होते तेथे मातामह, त्यांचे वडील आणि आजोबा अशा तीन पिढ्यांचा उच्चार केला जातो आणि नातवाला आईच्या माहेरचे गोत्र व नावे पाठ करावी लागतात, जी एरवी त्याच्या कानावर क्वचितच पडली असती. शेतकरी कुटुंबांत बहुधा एवढा विधी नसतो. तेथे खीर, वडे, भजी, कढी, गवार-भोपळ्याची भाजी असा पितरांचा स्वयंपाक करून कावळ्याला घास ठेवतात, गाईला घास देतात आणि एखाद्याला जेवू घालून किंवा शिधा देऊन कर्तव्य पूर्ण करतात.

या दिवशी एक व्यावहारिक पेच उभा राहतो. नवरात्रात नऊ दिवस उपवास न करणारी माणसेही उठता-बसता, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या दिवशी, उपवास धरतात, आणि श्राद्धाचे अन्न तर कर्त्याने सेवन करणे आवश्यक मानले आहे. उपवास आणि श्राद्ध एकत्र आले तर पितरांना अर्पण केलेल्या अन्नाचा वास घ्यावा, त्याने भोजनाचे फळ मिळते आणि उपवासही मोडत नाही, असा निर्णय शास्त्रकारांनी दिला आहे. दोन कर्तव्यांपैकी एकाचा बळी न देता दोन्ही राखण्याची ही वृत्ती आजेपाडव्याच्या सर्व रचनेत दिसते.

घरात सुतक असेल किंवा संकट ओढवले असेल तर घटांसाठीही पर्याय ठेवलेले आहेत. प्रतिपदेला घट बसवता आले नाहीत तर तृतीयेपासून सात रात्री, पंचमीपासून पाच, सप्तमीपासून तीन किंवा अष्टमीला एक रात्र असे नवरात्र करता येते. 2025 साली घटस्थापना 22 सप्टेंबरला होती, आणि नेमक्या त्याच सुमारास भूम व परंडा तालुक्यांत अतिवृष्टी होऊन नद्यांना पूर आले, शेते खरडून गेली आणि परंड्याच्या भागात लोकांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. ज्या मातीत घटाचे धान पेरायचे ती मातीच वाहून गेलेल्या शेतकऱ्याला कुलाचार चुकल्याची टोचणी लागू नये, यासाठी परंपरेने आधीच केलेली ही सोय किती मोलाची आहे हे अशा वर्षी कळते.

याच मातीतील इतर वाटा

मृत्यूकडे पाहण्याची ही एकच रीत या भागात आहे असे नाही. भूम येथे अल्लमप्रभूंचे, म्हणजे लोकांच्या बोलीतील आलमप्रभूंचे, देवस्थान आहे. अल्लमप्रभू हे बाराव्या शतकात बसवण्णांच्या समकालीन शरणांतील अग्रणी, आणि या शरणांच्या शिकवणीतून वाढलेल्या लिंगायत परंपरेने जन्म, मृत्यू, रजोदर्शन, उच्छिष्ट आणि जाती या पाचही सुतकांचा निषेध केला. मिताक्षरेची आशौचमीमांसा आणि सुतकाचा हा नकार, दोन्ही अर्धशतकाच्या अंतराने एकाच कल्याणीत घडले. मृत्यूने घर अपवित्र होतच नाही असे मानणाऱ्याला शोक आणि उत्सव यांच्यामध्ये शुद्धीची भिंत उभी करावी लागत नाही.

भूम तालुक्यातीलच कुंथलगिरी हे जैनांचे सिद्धक्षेत्र आहे आणि कुलभूषण व देशभूषण या मुनींना येथे मोक्ष मिळाला अशी श्रद्धा आहे. आचार्य शांतिसागर यांनी 1955च्या ऑगस्टमध्ये येथे सल्लेखना, म्हणजे अन्नाचा क्रमाने त्याग करून समभावाने मृत्यू स्वीकारण्याचे व्रत, घेतली आणि 18 सप्टेंबर 1955 रोजी देह ठेवला. जैन विचारात अशा मरणाला महोत्सव म्हटले जाते, आणि त्या काळात दर्शनासाठी दूरदूरहून श्रावक कुंथलगिरीला आले. त्याच कुंथलगिरीचा खवा आणि पेढे मराठवाड्यात प्रसिद्ध आहेत, आणि घरात मूल जन्मले की वाटायला तेच आणले जातात. मुस्लिम कुटुंबांत पत्नीखेरीज इतरांनी तीन दिवसांपलीकडे शोक पाळू नये अशी शिकवण आहे. दुःखाला मर्यादा घालून जिवंतांना पुन्हा जगण्याकडे वळवणे हे या सर्व वाटांना समान आहे.

जगातील इतर समाजांतही मृतांच्या भेटीचे दिवस आहेत. जपानमधील ओबोनच्या सणात पूर्वजांना दिवे लावून घरी आणतात आणि निरोपाचा अग्नी पेटवून परत पाठवतात; मेक्सिकोत 1 आणि 2 नोव्हेंबरला झेंडूच्या फुलांनी वेदी सजवून मृतांच्या आवडीचे पदार्थ मांडतात. आजेपाडव्याचे वेगळेपण असे की तो फक्त एका नात्यासाठी राखलेला आहे, आणि तेही कुळाबाहेरच्या, स्त्रीच्या माहेराकडून आलेल्या नात्यासाठी.

आजचा आजेपाडवा

आजोबांच्या मृत्यूनंतर आज लेकीच्या घरी आणखी एक विषय पोचतो. 1956च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीला वडिलांच्या मिळकतीत वारस केले, महाराष्ट्राने 1994मध्ये आणि केंद्राने 2005मध्ये दुरुस्ती करून तिला वडिलोपार्जित मिळकतीतही जन्मसिद्ध वाटा दिला. तरीही वारसनोंद आणि फेरफार होताना बहिणीकडून हक्कसोडपत्र लिहून घेण्याचा आणि साडीचोळीवर तिची बोळवण करण्याचा प्रघात गावोगाव टिकून आहे. दुखवटा काढायला आलेल्या भावाच्या पिशवीत साडीबरोबर सहीचे कागदही असतात तेव्हा त्या भेटीतील शोकाला वेगळीच कडवट चव येते. ज्या परंपरेने दौहित्राला तिळाच्या पाण्याचा अधिकार दिला त्याच परंपरेच्या मिताक्षरेने त्याला वारसांच्या रांगेत मानाने उभे केले होते, याची आठवण अशा वेळी करून देणे आवश्यक आहे.

आजेपाडवा पुढे टिकवायचा असेल तर त्याची व्याप्तीही वाढली पाहिजे. पुत्राच्या अभावी कन्येला श्राद्धाचा अधिकार शास्त्रकारांनीच मान्य केला आहे. तेव्हा नातीने आजोबांना आणि नातवंडांनी आजीलाही स्वतंत्रपणे आठवणे परंपरेच्या गाभ्याशी सुसंगत ठरेल. बालाघाटाच्या या पट्ट्यातून दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि पुढचे काही महिने अनेक मुले आजी-आजोबांजवळ राहून शाळा शिकतात. त्या मुलांच्या लेखी आजोबा म्हणजे सकाळी शाळेत सोडणारा आणि रात्री अंथरुणाशेजारी असणारा माणूस आहे, आणि तो माणूस गेल्यावर त्या मुलांचा शोक सुतकाच्या तीन रात्रींत मावण्याजोगा नसतो. त्यांना हे दुःख उघडपणे करता यावे, त्यात घरच्या मोठ्यांनी त्यांच्याबरोबर बसावे आणि तरीही त्यांच्या वाट्याचा सण त्यांना मिळावा, यासाठी आजेपाडव्यासारखा दिवस आजही उपयोगी आहे. मृत्यूने नाते संपत नाही, त्याची पाळी तेवढी बदलते, कालपर्यंत भरवणारा हात आता घास घेणारा होतो, ही शिकवण मुलाला देणारे दिवस कोणत्याही समाजाच्या वर्षात थोडेच असतात, आणि मराठी वर्षात त्यासाठी उत्सवाचा पहिलाच दिवस राखून ठेवलेला आहे.